मुखपृष्ठावरील वीणा : संगीतविषयक नियतकालिकांच्या वेषभूषेचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ कसे असावे, ह्या प्रश्नावर आपल्या मंडळाच्या संपादक समितीची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली, हे बहुतेक सभासदांच्या कानी गेलेच असेल. वार्षिक संमेलनात ह्या वर्षी संगीताचा कार्यक्रम असल्यामुळे मुखपृष्ठावर एखादे वाद्य असावे, येथवर सर्वांचे एकमत होते. परंतु ते वाद्य कोणते, हा प्रश्न निघताच समितीचे दोन तट पडले. ज्येष्ठांनी सरस्वतीच्या हातातील वीणा सुचविली. तरुण सभासदांनी गिटारचा आग्रह धरला. आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, मुखपृष्ठ हे केवळ वेष्टन आहे, आतील मजकूर पाहा, असे म्हणून वादावर पडदा टाकण्याचा प्रयत्न केला. त्या गृहस्थांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस त्यांचे म्हणणे पटले नाही. वेष्टन कोणासाठी बांधले आहे हे पाहिले, तर आतील वस्तू कोणास विकावयाची होती हे उमगते. प्रस्तुत लेख त्याच मतभेदातून जन्मास आला आहे.

ह्या लेखास दुसरेही एक निमित्त घडले. आयुध निर्माणी १९६४ साली स्थापन झाली आणि तिच्या नोकरीनिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे जवाहरनगरच्या वसाहतीत येऊन राहिली. त्या पहिल्या पिढीतील आपले एक सभासद दिवसा कारखान्यात काम करीत आणि सायंकाळी वसाहतीतील मुलामुलींना पेटी शिकवीत. त्यांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांची लोखंडी ट्रंक मंडळाच्या स्वाधीन केली. ट्रंकेत संगीतविषयक मासिकांचे वीस-बावीस वर्षांचे अंक निघाले. ते पाहून आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. तथापि जो खंड उघडावा त्यात पहिल्या पानावर एकदम लेखच सुरू होई. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना बाइंडराने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक अंकाची मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकली होती. पुढे एका सार्वजनिक ग्रंथालयातही आम्ही चौकशी केली, तेथील खंडही तसेच मुंडके उडविलेले होते. ट्रंकेतील वीस-बावीस वर्षांपैकी अवघे एक मुखपृष्ठ वाचले होते, आणि तेही एका स्वरलिपीच्या वहीस वेष्टन म्हणून घातलेले असल्यामुळे.

संगीताच्या मासिकास मुखपृष्ठाची काळजी का घ्यावी लागली, हे समजण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल. त्या काळी सुखवस्तू मध्यमवर्गीय घरात गाणे ऐकण्याची हौस असे. पण आपल्या मुलाने गवई व्हावे असे कोणास वाटत नसे, आणि मुलीने गाणे शिकावे हा विचारही पुष्कळांस सहन होत नसे. गाणे हे दरबाराचे, कोठीचे किंवा नाटकमंडळीचे, असा समज होता. ही कोंडी फोडण्याचे फार मोठे श्रेय कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांकडे जाते. फटाक्याच्या अपघाताने लहानपणीच दृष्टी अधू झालेला हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्याने गांधर्व महाविद्यालय काढले. विद्यालय काढून ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचा छापखाना घातला, क्रमिक पुस्तके छापली, आणि ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिकही चालविले. गवयाने छापखाना घालावा, ही गोष्ट त्या काळी किती अपूर्व होती ह्याची आज कल्पना येणे कठीण आहे.

अशा मासिकाचा ग्राहक कोण? गाणे शिकणारा विद्यार्थी हा वाचक खरा, परंतु वर्गणीचे पैसे भरणारा त्याचा वडील. ह्या दोघांतील फरक ज्याच्या ध्यानी येईल त्यास संगीत मासिकांच्या जुन्या मुखपृष्ठांचे मर्म कळेल. टपालाने आलेला अंक बैठकीच्या खोलीतील मेजावर पडावयाचा, आल्यागेल्याच्या दृष्टीस पडावयाचा. तो पाहून पाहुण्याने भुवया उंचावता कामा नयेत, ही त्या मुखपृष्ठाची पहिली जबाबदारी होती. म्हणून त्यावर मैफल नको, नृत्य नको, नटी तर नकोच. त्यावर हवी ती देवी शारदा.

आणि शारदेचे एक सर्वमान्य रूप त्या सुमारास तयारच झाले होते. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछाप कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आणि तेथून बाहेर पडलेल्या रंगीत तसबिरींनी हिंदुस्थानातील देवघरे आणि दिवाणखाने भरून गेले. शुभ्रवस्त्रा, मांडीवर वीणा, शेजारी मोर, अशी त्यांची सरस्वती ज्या घरात भिंतीवर टांगलेली होती त्याच घरात मासिक जावयाचे होते. भिंतीवरील ओळखीची देवता मुखपृष्ठावर दिसली की मासिकास घरात प्रवेश मिळे. ह्यात कोणी कपट केले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. विष्णु दिगंबरांची संगीतावरील श्रद्धा अस्सल होती. परंतु श्रद्धा आणि व्यवहार एकाच चित्रात सुखाने नांदू शकतात, हेही खरे.

येथे छपाईच्या अर्थकारणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्या काळी चित्र छापावयाचे म्हणजे त्याचा धातूचा ठसा करवून घ्यावा लागे. एकरंगी चित्रास एक ठसा पुरे. तिरंगी चित्रास प्रत्येक रंगाचा निराळा ठसा, आणि कागद त्याच जागी अचूक बसवून तितक्या वेळा यंत्रातून काढावयाचा. काही शे प्रतींच्या मासिकास हा खर्च परवडणे शक्य नव्हते. म्हणून लहान मासिके एकदाच एक चांगला ठसा करून घेत आणि वर्षानुवर्षे तेच मुखपृष्ठ वापरीत. फक्त महिन्यागणिक शाई बदलीत. चैत्रात हिरवे, श्रावणात निळे, दिवाळीस तांबडे! आज ज्यास आपण सातत्यपूर्ण ओळख म्हणून वाखाणतो ती पुष्कळदा दारिद्र्यातून आलेली होती. तिचा लाभ मात्र खरा झाला. पोस्टमनच्या हातातील गठ्ठ्यातून आपले मासिक ग्राहकास दुरूनच ओळखू येऊ लागले.

ह्याच्या नेमके उलट जग नाटकाचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्रास गाण्याचे वेड लागले. नाटकगृहाच्या दाराशी नाटकातील पदांची छोटी पुस्तके विकली जात. त्यांच्या मुखपृष्ठावर चित्र क्वचितच असे. नाटकाचे नाव, कर्त्याचे नाव, मंडळीचे नाव आणि किंमत, एवढा मजकूर निरनिराळ्या आकारांच्या खिळ्यांत जुळवून भोवती वेलबुट्टीची चौकट घातली की झाले. कारण ते पुस्तक घेणारा मनुष्य आधीच तिकीट काढून आत आलेला होता. त्यास भुलविण्याची गरज नव्हती. ‘संगीत’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत असला की पुरे. चित्रे आली ती बालगंधर्वांच्या लोकप्रियतेबरोबर. १८८८ साली जन्मलेल्या नारायणराव राजहंसांची स्त्रीवेषातील छायाचित्रे घरोघर गेली. त्यांची लुगडी नेसण्याची पद्धत, अंबाड्यातील फुले ह्यांचे अनुकरण कुलीन स्त्रियाही करू लागल्या. खऱ्या स्त्रीचे चित्र ज्या घरात आक्षेपार्ह ठरले असते, त्या घरात स्त्रीवेषातील पुरुषाचे चित्र कौतुकाने पाहिले गेले. समाजाची नीतीविषयक गणिते कधी कधी अशी विलक्षण असतात!

ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनी तर ग्राहक ओळखण्याचे शास्त्रच बनविले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान प्रभृतींची गाणी मुद्रित केली. कंपनीचे आरंभीचे बोधचिन्ह म्हणजे पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा एक देवदूत. पुढे त्याची जागा कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याने घेतली. हे कुत्र्याचे चित्र फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकाराने काढले. त्यात मूळचे यंत्र दुसऱ्याच प्रकारचे, नळकांड्याचे होते. १८९९ साली कंपनीने चित्र विकत घेताना ते यंत्र पुसून त्या जागी आपला ग्रामोफोन रंगवून घेतला. गिऱ्हाइकासाठी चित्र कसे बदलते ह्याचा ह्याहून बोलका दाखला आमच्या पाहण्यात नाही. कंपन्यांच्या गाण्यांच्या याद्या भाषावार निघत आणि त्यांत गायक-गायिकांची छायाचित्रे असत. नावापुढे ‘जान’ की ‘बाई’, डोईवर पदर की नाही, हातात तंबोरा की नुसतीच बसलेली, अशा बारीकसारीक खुणांवरून ती मुद्रिका कोणत्या घरी जावयाची हे ठरे. हिराबाई बडोदेकर १९२० च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. तंबोरे मागे, नऊवारी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर अशी त्यांची साधी, घरंदाज मूर्ती छायाचित्रातून पाहून कित्येक आईबापांनी मुलीस गाणे शिकविण्यास होकार दिला असेल, असे आम्हांस मनापासून वाटते.

१९३१ साली विष्णु दिगंबर निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले आणि परीक्षांची पद्धतशीर व्यवस्था लावली. त्यामुळे संगीत मासिकास एक नवा, कायमचा ग्राहक लाभला : परीक्षार्थी. हाथरसला प्रभुलाल गर्ग, म्हणजे हास्यकवी काका हाथरसी, ह्यांनी १९३५ साली ‘संगीत’ हे हिंदी मासिक काढले. मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ साली निघाले आणि त्याचे संपादन प्रोफेसर बी. आर. देवधरांसारख्या जाणत्या माणसाने केले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढणाऱ्या विद्यार्थ्यास मासिकातून स्वरलिपी हवी, रागाची माहिती हवी, थोरांची चरित्रे हवीत. त्यास मुखपृष्ठावर मोहिनी नको, अधिकार हवा. दिवंगत बुवांचे वा उस्तादांचे छायाचित्र, खाली नाव, एवढ्याने काम होते. कारण ते चित्र कापून, चौकटीत बसवून रियाजाच्या खोलीत लावता येते. आमच्या ट्रंकवाल्या मास्तरांच्या खोलीत अशा तीन चौकटी होत्या, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून आम्हांस समजले. म्हणजे बाइंडराने सारीच मुखपृष्ठे फेकली नव्हती. काही मास्तरांनी आधीच भिंतीवर नेली होती!

साता समुद्रांपलीकडेही असाच प्रकार होता. अमेरिकेत थिओडोर प्रेसर ह्यांनी १८८३ साली सुरू केलेले ‘एट्यूड’ हे मासिक पियानो शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी व शिकणाऱ्या मुलांसाठी होते. त्याच्या रंगीत मुखपृष्ठांवर दिवाणखान्यात पियानोशी बसलेली मुलगी, जवळ आई, असे देखावे असत. आपली शारदा आणि त्यांची ती दिवाणखान्यातील कन्या ह्यांचे काम एकच : घरच्या कर्त्या माणसास आश्वस्त करणे. ते मासिक १९५७ साली बंद पडले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आपल्याकडे विविध भारती सुरू झाली. हा निव्वळ योगायोग होय. पण लक्षात ठेवण्याजोगा.

रेडिओचा उल्लेख आलाच आहे, तर नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेस विसरून चालणार नाही. १९२७ साली ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघाले, १९३५ च्या अखेरीस त्याचे नाव ‘इंडियन लिसनर’ झाले आणि १९५८ साली ‘आकाशवाणी’. कोणत्या दिवशी कोण गाणार हे त्यातून कळे आणि गायक-वादकांची छायाचित्रेही त्यात छापली जात. ज्याचा केवळ आवाज ऐकला त्याचा चेहरा पाहण्याची उत्सुकता हेच त्या पत्रिकेचे भांडवल. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाल्यावर आपल्या बाजूच्या श्रोत्यांसही हा आनंद जवळचा झाला. पुढे १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या डॉक्टर बाळकृष्ण केसकरांनी शास्त्रीय संगीताचा पुरस्कार करून चित्रपटगीतांस दूर लोटले, तेव्हा सारी तरुण मंडळी सिलोनकडे कान लावून बसली. वडिलांची आवड मुलावर लादता येत नाही, हे सरकारासही तेव्हा कळून चुकले.

ह्या तरुण मंडळींसाठी खरे रंगीत मुखपृष्ठ होते ते चित्रपटाच्या गाण्यांच्या चोपड्यांचे. नायक-नायिकेचे मुखडे, भडक अक्षरे, आत कथासार आणि गाणी. प्रभातच्या चित्रपटाची पुस्तिका असली तर तुतारी फुंकणारी ती ललनाही असावयाची. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ ह्या १९३५ साली निघालेल्या इंग्रजी मासिकास गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांनी चितारलेली मुखपृष्ठे लाभली. ते मासिक केवळ चित्रांसाठी घेणारे पुष्कळ असत. दिवाळी अंकांवर गोमंतकाचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ह्यांचे राज्य होते. त्यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या सुंदरींनी शारदेची वीणा हळूच आपल्या हाती घेतली. वाद्य तेच राहिले, पण देवीची जागा मानवी लावण्याने घेतली. आणि मेजावरील अंक पाहून आता कोणी भुवया उंचावीत नव्हते. पलुस्करांनी लाहोरास लावलेले रोप असे अनपेक्षित रीतीने फळास आले, असे आम्ही म्हटले तर शुद्ध संगीताचे अभिमानी आमच्यावर रुष्ट होतील. होवोत बापडे.

हा सारा इतिहास पुण्या-मुंबईचा झाला. भंडारा जिल्ह्यात ह्या मासिकांचे ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावयाचे. येथे गाण्याचे छापील पुस्तक म्हणून घरोघर पोहोचले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचे. मुखपृष्ठावर महाराजांची मूर्ती आणि हाती खंजिरी. ज्या शेतकऱ्यास अक्षर लागत नव्हते त्यासही ती खंजिरी पाहून हे पुस्तक वाचावयाचे नसून म्हणावयाचे आहे, हे कळे. संगीताच्या पुस्तकाचे इतके नेमके मुखपृष्ठ मोठमोठ्या मासिकांसही साधलेले नाही. आणि आपल्या झाडीपट्टीचे नाटक! दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागली की वडशाच्या नाटकमंडळ्यांची भित्तिपत्रके भिंतीभिंतींवर झळकतात. त्यांवरील दाटीवाटीने बसविलेले चेहरे, आगीच्या रंगाची अक्षरे, गायकाच्या नावामागील विशेषणे पाहून शहरी पाहुणा नाक मुरडतो. पण ते पत्रक चालत्या सायकलवरून, दुचाकीवरून वाचले जावयाचे असते. त्यास नाजूकपणा परवडत नाही. २०२३ साली परशुराम खुणे ह्यांस पद्मश्री मिळाल्यापासून ह्या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले आहे. तिच्या भित्तिपत्रकांकडे मात्र अद्याप कोणी गेलेले दिसत नाही. ती दर हंगामात पावसाने धुऊन जातात.

आता गिटारवाल्या तरुणांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक निघाला, त्यावर शिरस्त्राण घातलेल्या जॉन लेननचे एका चित्रपटातील छायाचित्र होते. तेथून मुखपृष्ठाने बापाकडे पाहणेच सोडले. ते थेट मुलाच्या डोळ्यास डोळा भिडवू लागले, किंबहुना वडिलांस ते आवडू नये हीच त्याची खूण झाली. इंग्लंडात १९७८ साली निघालेल्या ‘स्मॅश हिट्स’ने गाण्यांचे शब्द छापून किशोरवयीन मुलामुलींस वेड लावले, ती आपल्या गाण्यांच्या चोपडीचीच गोरी बहीण. १९८१ सालच्या ‘केरांग’ने तर गिटारच्या दणदणाटासच आपले नाव केले आणि अक्षरे फुटक्या काचेसारखी काढली. आपल्याकडे १९९३ साली अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघाले. त्या तरुणांसही आपापल्या शहरात आपल्यासारखे दुसरे कोणी आहे की नाही हे शोधावयाचे होते. मुखपृष्ठ हा त्यांचा परवलीचा शब्द होता. ‘स्मॅश हिट्स’ २००६ साली थांबले. आता गाणे भ्रमणध्वनीवर येते आणि त्याचे मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढे असते. त्यावर वीणा काढली तर तिच्या तारा दिसावयाच्या नाहीत.

ट्रंकेतील त्या एकमेव मुखपृष्ठाविषयी सांगावयाचे राहिले. त्यावर शारदा आहे, शाई जांभळी आहे, आणि वीणेच्या भोपळ्यावर शाईच्या लेखणीने बालहस्ताक्षरात ‘सा’ असे लिहिलेले आहे. मास्तरांच्या कन्येस विचारले असता ते अक्षर आपलेच, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी मासिकास हात लावावयाचा नाही अशी ताकीद दिली होती. तरी त्यांनी ते लिहिले, मार खाल्ला नाही, आणि पुढे वडिलांनी तेच पान फाडून त्यांच्या स्वरलिपीच्या वहीस घातले. त्या आता सत्तरीच्या घरात आहेत व वसाहतीतील दोन मुलींस पेटी शिकवितात.

समितीने अखेर ह्याच पानाचे छायाचित्र यंदाच्या मुखपृष्ठासाठी घेतले आहे, ‘सा’सकट. गिटार मागील पृष्ठावर गेली आहे. ज्या सभासदांच्या घरी संगीताची मासिके, पदांची पुस्तके, ध्वनिमुद्रिकांच्या याद्या अथवा नाटकांची भित्तिपत्रके असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात एकवार दाखवावीत. मुखपृष्ठाची छायाचित्रे घेऊन मूळ प्रत आठ दिवसांत परत केली जाईल व तशी पावती देण्यात येईल. बांधणीस देणार असाल, तर बाइंडरास आधी बजावून ठेवावे.